चांदी पुन्हा पुन्हा निघते? आधी पडलेला तुकडा बघा

दाताच्या खड्ड्यात भरलेली चांदी (अमाल्गम, म्हणजे पारा आणि चांदीच्या मिश्रधातूचं भरण) निघाली म्हणून पेशंटचा फोन आला की रिसेप्शनवरच्या मुलीने त्याला एवढंच सांगावं: पडलेला तुकडा टाकू नका, येताना घेऊन या. बहुतेक जण आणतात. कुणी रुमालाच्या गाठीत, कुणी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात. लालबागच्या आमच्या बाजूला तो सुपारीच्या पुडीतूनही येतो, आणि अशा वेळी अर्धं निदान पुडीनेच झालेलं असतं.

नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न सारखा येतो. खालची पहिली दाढ, क्लास टू (शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंत गेलेला खड्डा), चांदी भरली, काही महिन्यांत निघाली. परत भरली, परत निघाली. आता पिन (दातात रोवायचा धातूचा बारीक खिळा) टाकू का? बाँडिंग (चिकटवणारं द्रव्य) लावून भरू का? मी उलट विचारतो, निघाली तेव्हा तुकडा अख्खा होता की मोडलेला? पलीकडे शांतता. तुकडा न बघता पिन टाकायला निघणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

अमाल्गम दाताला चिकटत नाही, हे सगळ्यांनी दुसऱ्या वर्षाला पाठ केलेलं असतं. रोजच्या कॉम्पोझिटच्या (दाताला चिकटणाऱ्या, दाताच्या रंगाच्या भरणाच्या) सवयीने ते हाताला मात्र विसरायला होतं. एच (आम्लाने खरखरीत) आणि बाँड करून उथळ, बशीसारख्या पसरट खड्ड्यात कॉम्पोझिट राहतं. तोच खड्डा चांदीने भरला तर ती पहिल्या चिकट चिक्कीबरोबर वर येणार. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या शंभराहून जास्त वर्षं जुन्या नियमांपैकी, किडीला प्रतिबंध म्हणून खड्डा लांबवत नेण्याचा नियम आपण केव्हाच सोडून दिला आणि ते योग्यच झालं. पण भिंती कशा असाव्यात याबद्दलचं त्यांचं म्हणणं चांदीच्या बाबतीत आजही जसंच्या तसं लागू आहे.

तुकडा काय सांगतो

ट्रेवर पांढरा गॉझ पसरा, तुकडा धुऊन कोरडा करा आणि चेअरचा लाइट त्यावर पाडा. लूप्स (भिंगाचा चष्मा) असतील तर लावा.

आधी तुकडा अख्खा आहे का ते बघा. अख्खा असेल तर तो उलटा ठेवा, म्हणजे खड्ड्याच्या तळाकडची बाजू वर येईल. तळ अरुंद आणि चावण्याची बाजू रुंद दिसली तर भिंती वरच्या दिशेने फाकलेल्या होत्या. आता चिमट्याने तोच तुकडा दातात परत बसवून पाहा. अलगद आत गेला आणि तसाच अलगद सरळ वर आला, तर त्या खड्ड्यात अडकवणारं काही नव्हतंच. पकड असलेल्या खड्ड्यातून चांदी अशी अख्खी सुटून येत नाही. ती तरी तुटते, नाहीतर दाताची भिंत तरी तुटते.

तळाला पिवळट किंवा पांढरा थर चिकटलेला असेल तर दोष सिमेंटचा. कडा नखाने खरवडल्यावर भुगा पडत असेल, तळाला बारीक छिद्रं दिसत असतील, तर मिक्सिंग किंवा कंडेन्सेशन (दाबून ठासणं) कमी पडलं. आणि दोन तुकडे असतील, बॉक्समधला (शेजारच्या दाताकडच्या उभ्या खड्ड्यातला) बाहेर आलेला आणि वरचा अजून दातात घट्ट बसलेला, तर ही मुळात पकडीची तक्रार नाही. मान मोडली आहे, म्हणजे इस्थमसला (वरचा भाग आणि बॉक्स जोडणाऱ्या अरुंद जागेला) फ्रॅक्चर आहे. रिटेन्शन (सुटू न देणं) आणि रेझिस्टन्स (तुटू न देणं) यांतला फरक परीक्षेत सगळे लिहितात, चेअरवर मात्र तो तुकडाच दाखवतो.

फाकलेल्या भिंती

सगळ्यात जास्त सापडतं ते हेच. कीड काढताना एअरोटर (दात कोरायचं यंत्र) जिथे नेईल तिथे आपण जातो, आणि एनॅमल (दाताचा बाहेरचा कडक थर) खालून पोखरलेलं असेल तर ते तोडून टाकतो. मग उरतो तो वर रुंद, खाली अरुंद खड्डा.

बकल (गालाकडची) आणि लिंग्वल (जिभेकडची) भिंती वरच्या दिशेने किंचित एकमेकींकडे झुकलेल्या हव्यात. २४५ नंबरचा बर (कोरायचं फिरतं टोक) दाताच्या अक्षाला समांतर धरला की हे आपोआप होतं, कारण त्याचा आकारच टोकाकडे जाड आणि वर निमुळता आहे. ३३० सुद्धा चालतो. अडचण येते ती हँडपीस तिरका धरल्यावर. खालच्या दाढांचा मुकुट जिभेकडे कललेला असतो, तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटमध्ये हात वाकडा होतो आणि एक भिंत उघडी पडते. तंबाखू आणि मावा खाणाऱ्यांमध्ये तोंड उघडायचीच मारामार असते. तिथे मिनिएचर हेडचा हँडपीस वापरा, आणि तोही शिरत नसेल तर ती दाढ चांदीने भरायचा हट्ट सोडा. अशा पेशंटचं तोंड का उघडत नाही, गालाची आतली बाजू पांढरी, ताठर झाली आहे का, हे आधी तपासा. तिथे भरण्यापेक्षा मोठा प्रश्न दडलेला असू शकतो.

मेझियल (पुढच्या) आणि डिस्टल (मागच्या) भिंतींचा हिशेब वेगळा. मार्जिनल रिज (दाताच्या पुढच्या-मागच्या कडेचा उंचवटा) पातळ उरत असेल, म्हणजे प्रीमोलरमध्ये (उपदाढेत) १.६ मिमीपेक्षा आणि मोलरमध्ये (दाढेत) २ मिमीपेक्षा कमी, तर त्या भिंती आत झुकवायच्या नाहीत, उलट जरा बाहेर फाकू द्यायच्या. नाहीतर रिज खालून पोखरली जाऊन चावताना तुटते. म्हणजे अशा दातात सगळी पकड बकल-लिंग्वलमध्येच मिळवायची असते.

कीड काढल्यावर भिंत फाकलेलीच राहिली असेल तर निरोगी एनॅमल कापून ती सरळ करू नका. खाली डेंटिनमध्ये (एनॅमलखालच्या थरात), भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, छोट्या इन्व्हर्टेड कोनने किंवा पाव नंबरच्या राउंड बरने हलकीशी खाच घ्या. ती पल्प हॉर्नच्या (दाताच्या नसेच्या टोकाच्या) खाली येणार नाही अशी, कस्पच्या (दाढेवरच्या उंचवट्याच्या) भरीव डेंटिनमध्ये. समोरासमोर दोन खाचा पुरतात. एकाच बाजूला घेतलेली खाच फार उपयोगी पडत नाही, तुकडा तिच्यावर बिजागरीसारखा फिरून निघतो.

खोलीचंही बघा. चांदीला किमान दीड ते दोन मिमी जाडी लागते आणि तळ डेंटिनमध्ये थोडा तरी उतरलेला हवा. केवळ एनॅमलमध्ये थांबलेला खड्डा ना पकड देतो ना ताकद. कडा ९० अंशांच्या हव्यात. कडेला चांदी कागदासारखी पातळ झाली की ती तुटते, फट पडते, आणि खालून कीड परत सुरू होते. मग निघण्याचं खापर पकडीवर फुटतं.

सिमेंटने भरलेले अंडरकट

तुकड्याच्या पोटाला चिकटलेलं सिमेंट ज्यांनी एकदा पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. खड्डा खोल असतो, दुखेल या भीतीने आपण झिंक ऑक्साइड युजेनॉल किंवा जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) घसघशीत भरतो, भिंतींनाही लागतं. जे अंडरकट (पकडीसाठी आत वळवलेल्या जागा) मेहनतीने केले ते सिमेंटने बुजतात. वर चांदीला उरतो एक मिमीचा थर, तोही गुळगुळीत सिमेंटच्या वाटीत बसलेला. वर्षभरात सिमेंट झिजतं किंवा तडकतं आणि चांदी थाळीसारखी सुटून येते.

पल्पवर सुमारे २ मिमी निरोगी डेंटिन उरलेलं असेल तर बेस (खालचा सिमेंटचा थर) लागत नाही. त्याहून खोल असेल तर फक्त सगळ्यात खोल जागी, पल्पच्या वरच्या भागावर, पातळ थर द्या. कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावलंत तर त्यावर जीआयसीचं पांघरूण हवं, कारण कंडेन्सरच्या (चांदी ठासायच्या हत्याराच्या) दाबाखाली ते एकटं टिकत नाही. तळाच्या कडेला चारही बाजूंनी डेंटिनची बैठक मोकळी राहिली पाहिजे, चांदीने टेकायचं ते तिच्यावर. सिमेंट घट्ट झाल्यावर भिंती आणि कोपरे बरने परत साफ करायचे. हे शेवटचं पाऊल गर्दीच्या ओपीडीत सर्रास गाळलं जातं.

क्लास टूचा बॉक्स

मान मोडलेली असेल तर उपाय पुढचेच, पण हेतू वेगळा. इस्थमस दोन कस्पांमधल्या अंतराच्या साधारण पाव हिस्सा ठेवावा. तो रुंद केला की चांदी मजबूत होत नाही, दात मात्र कमजोर होतो. चांदी दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. म्हणून मानेशी जाडी खोलीतून मिळवायची असते. ॲक्सिओपल्पल कोपरा (बॉक्सची आतली उभी भिंत आणि वरच्या भागाचा तळ मिळतात तो) धारदार राहिला असेल तर गोल करा. तिथेच ताण साठतो आणि तिथूनच तडा जातो.

बॉक्स मात्र स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. ऑक्लुझल (चावण्याच्या) भागात डव्हटेल (शेपटीसारखी फाकलेली अडकण) आहे म्हणून बॉक्स टिकेल यावर विसंबणं म्हणजे सगळा भार मानेवर टाकणं. ॲक्सिओबकल आणि ॲक्सिओलिंग्वल (बॉक्सच्या आतल्या उभ्या) कोपऱ्यांत पाव राउंड किंवा १६९एल बरने उभ्या खाचा घ्या: डीईजेपासून (एनॅमल आणि डेंटिन मिळतात तिथपासून) ०.२ मिमी आत, खाली हिरडीच्या बाजूला साधारण ०.५ मिमी खोल आणि वर जाता जाता विरत जाणाऱ्या. त्यांची दिशा बकल आणि लिंग्वलकडे असावी. ॲक्सियल भिंतीत, म्हणजे पल्पकडे, कोरू नका. आणि डीईजेला अगदी लागून कोरलंत तर वरचं एनॅमल निराधार होतं. ऑक्लुझल बाजूला कीड नसेल आणि फक्त बॉक्स भरायचा असेल तेव्हा तर या खाचांवरच सगळं अवलंबून असतं.

ओलावा, मिक्स आणि दाब

मुंबईत जून ते सप्टेंबर एसी चालू असला तरी क्लिनिकमध्ये दमटपणा असतो, पण नुकसान होतं ते लाळेने आणि घामाने. अलॉयमध्ये (पाऱ्यात मिसळायच्या मिश्रधातूत) झिंक ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल आणि भरताना पाणी लागलं तर झिंकची पाण्याशी क्रिया होऊन आत हायड्रोजन तयार होतो. चांदी फुगायला लागते, पण लगेच नाही, तीन ते पाच दिवसांनी. सेंटिमीटरमागे ४०० मायक्रॉनपर्यंत किंवा जास्त फुगू शकते. पेशंट आठवडा-दोन आठवड्यांनी ठणक्याची तक्रार घेऊन येतो, चांदीच्या कडा दातापेक्षा वर आलेल्या दिसतात. याला विलंबित प्रसरण म्हणतात, आणि असं फुगलेलं भरण आकार कितीही उत्तम असला तरी काढावंच लागतं.

पूर्वी हाताने मिक्स केलेली चांदी तळहातावर मळायची पद्धत होती. अजूनही एखादा जुना हात ती करताना दिसतो. पारा कातडीला लागतो हे एक, आणि घाम चांदीत जातो हे दुसरं. ते बंदच करा. प्री-डोस्ड (आधीच मापून भरलेली) कॅप्सूल आणि अमाल्गमेटर (मिक्सिंगचं यंत्र) घ्या. जमेल तिथे रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पडदा) लावा. निदान कॉटन रोल वेळेवर बदलायला असिस्टंटला सांगून ठेवा, कारण तुमचं लक्ष कॅरियरवर असतं आणि खालच्या दाढेपाशी जिभेखाली तळं साचलेलं असतं.

मिक्स नीट झालेलं चकाकतं आणि एकसंध असतं. कमी फिरलेलं दाणेदार आणि मंद दिसतं, ते भरूच नका. ट्रायट्युरेशननंतर (मिक्सिंगनंतर) साधारण साडेतीन मिनिटांत कंडेन्सेशन संपायला हवं. मोठ्या खड्ड्याला एका कॅप्सूलमध्ये खेचू नका, दुसरी नंतर ताजी फिरवा. आणि कंडेन्सरचा आकार बघा: खाचांमध्ये शिरेल असा बारीक कंडेन्सर आधी, मग मोठा. बॉक्सच्या कोपऱ्यात तुम्ही सुरेख खाच केलीत आणि तिच्यात चांदी गेलीच नाही, तर ती खाच फक्त एक्स-रेमध्ये काळी दिसायला उपयोगी. ॲडमिक्स (मिश्र कणांच्या) अलॉयला जोराचा दाब लागतो. स्फेरिकल (गोल कणांचं) मऊ असतं, बारीक टोकाने दाबलं तर बाजूने निसटतं, त्याला रुंद टोक लागतं.

अर्धा दात गेलेला असतो तेव्हा

कस्प तुटली असेल किंवा खड्डा कस्पाच्या टोकाच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला असेल तर ती कस्प कापून चांदीने झाकायची. चावणारी कस्प २ मिमी, न चावणारी दीड मिमी. हे न करता नुसत्या पिना वाढवणाऱ्यांची चांदी टिकते आणि दात तुटतो.

माझी पसंती पिनेआधी खोबणीला. हिरडीकडच्या तळावर डीईजेच्या अर्धा मिमी आत, अर्धा ते एक मिमी खोल, कोपऱ्यातून वळसा घेणारी खोबण ३३० किंवा छोट्या इन्व्हर्टेड कोनने घ्यायची. जागा अरुंद असेल तर डेंटिनमध्ये दीड ते दोन मिमी खोल गोल विहिरी करून त्यांत चांदीच ठासायची, म्हणजे चांदीचीच पिन तयार होते. शॅव्हेल यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. बाहेरची धातूची वस्तू नाही, डेंटिन तडकण्याची भीती कमी. नीट केलेल्या खोबणीची पकड पिनेच्या तोडीची असते. एक पथ्य मात्र आहे: खोबणीवर उभं राहिलेलं मोठं भरण मॅट्रिक्स (दाताभोवती लावलेली धातूची पट्टी) काढताना पिनेच्या भरणापेक्षा सहज हलतं. टॉफलमायर (पट्टी धरणारं साधन) आधी सोडवा, बँड (पट्टी) तसाच राहू द्या, मार्जिनल रिजवर कंडेन्सर टेकवून धरा आणि मग बँड बकल किंवा लिंग्वल दिशेला तिरका सरकवत काढा. सरळ वर ओढलात तर पकड तिथेच सैल होते आणि ते त्या दिवशी कळत नाही.

पिना टाकायच्याच असतील तर सेल्फ-थ्रेडिंग (स्क्रूसारख्या). डेंटिनमध्ये २ मिमी आणि चांदीत २ मिमी, याहून जास्त आत घालून पकड वाढत नाही. गेलेल्या प्रत्येक कस्पाला साधारण एक. जागा लाइन अँगलपाशी (दाताच्या कोपऱ्यापाशी), डीईजेपासून अर्धा ते एक मिमी आत आणि दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान दीड मिमी दूर. वरच्या पहिल्या प्रीमोलरची मेझियल बाजू आणि मोलरच्या मुळांच्या दुभाजकावरचा मधला भाग टाळा, तिथे ड्रिल बाहेर निघतं. ड्रिल मंद गतीने, एकदाच आत आणि एकदाच बाहेर, दातात असताना थांबवायचं नाही. आणि आधी बाइटविंग एक्स-रे. पिन चांदीला मजबूत करते हा गैरसमज आहे. ती फक्त अडकवते, चांदी उलट तिच्याभोवती कमजोर होते. म्हणून हौसेने चार-पाच पिना टाकलेला एक्स-रे बघितला की मला त्या दाताची काळजी वाटते.

आरसीटी (रूट कॅनाल) झालेल्या दाढेत पिनेचा विचारच नको. पल्प चेंबर हीच आयती पकड आहे. चेंबर ४ मिमी किंवा जास्त खोल असेल तर तेवढंच पुरतं. कमी असेल तर कॅनालच्या तोंडातून २ ते ४ मिमी गटापर्चा (कॅनालमधलं भरण) काढून तिथवर चांदी दाबायची. १९८० मध्ये नय्यर आणि सहकाऱ्यांनी सांगितलेली ही पद्धत आजही कॅपखालच्या कोअरसाठी (आतल्या पायासाठी) भरवशाची आहे. कॅप मात्र करायचीच.

बाँडिंगबद्दल थोडक्यात. ४-मेटा या रसायनावर आधारलेले चांदीसाठीचे ॲढेसिव्ह मिळतात, आणि ओलसर ॲढेसिव्हवर चांदी दाबली की प्रयोगशाळेत पकड वाढलेली दिसते. पण कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात, बाँड केलेली चांदी साध्या चांदीपेक्षा तोंडात जास्त टिकते असं म्हणायला पुरेसा पुरावा आढळला नाही. जोडीला वापरायचं तर वापरा. खाचांच्या बदल्यात नको.

चावा

सगळं नीट करूनही निघते, तेव्हा समोरच्या दाताकडे बघा. वरच्या दाढेची टोकदार कस्प बरोबर भरलेल्या मार्जिनल रिजवर आपटत असेल तर प्रत्येक घासाला ती पाचर ठोकते. ती कस्प थोडी गोल करा. आर्टिक्युलेटिंग पेपर फक्त दात मिटवून नाही, जबडा बाजूला सरकवूनही वापरा.

पहिल्या दिवसाचंही सांगावं लागतं. जुन्या कमी तांब्याच्या अलॉयची तासाभरानंतरची ताकद साधारण १४५ मेगापास्कल, आठवड्याने ३४०च्या पुढे. हाय-कॉपर स्फेरिकल तासाभरातच २६०च्या आसपास जाते, म्हणून मी तीच वापरतो. आमचा पेशंट क्लिनिकमधून उतरून करी रोड स्टेशनपर्यंत पोचायच्या आत वडापाव खातो, हे गृहीत धरूनच अलॉय निवडावा लागतो. तरी चोवीस तास त्या बाजूने चावू नका, हे सांगायचंच. "काका, आज दुसऱ्या बाजूने जेवा, आणि सुपारी या दाढेखाली कधीच नको," हे मी बिल देताना परत सांगतो, कारण चेअरवर भूल असते, तोंड उघडं असतं आणि लक्ष दुसरीकडे असतं.

सुपारी-मिश्रीवाल्यांचे दात झिजून बुटके झालेले असतात. भिंतींची उंचीच उरत नाही, मग पकड कुठून यायची? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अशी दाढ दोनदा निघाली की तिसऱ्यांदा भरू नका. एक्स-रे काढा, गरज असेल तर हिरडी खाली घेऊन उंची मिळवा आणि कॅपवर जा. पैशांची अडचण असेल तर हप्ते करून द्या, किंवा नायर डेंटलला किंवा फोर्टच्या गव्हर्नमेंट डेंटल कॉलेजला चिठ्ठी द्या.

पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यात चांदी टाळायची, हे पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२२ च्या दुरुस्तीत आलं आहे. भारत या कराराचा सदस्य आहे. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, वापर बंदच केला. म्हणजे वारंवार निघणारी चांदी बदलताना "परत चांदीच का?" हा प्रश्न दर वेळी विचारायला हवा. खड्डा कोरडा राखता येत असेल आणि कडा एनॅमलवर असतील तर कॉम्पोझिटला आकाराचा एवढा जाच नाही.

जुनी चांदी काढताना पाण्याचा फवारा आणि हाय-व्हॅक्युम सक्शन सुरू ठेवा, आणि भुगा न करता मोठे तुकडे पडतील असं कापा. काढलेली, उरलेली आणि पेशंटने पुडीतून आणलेली, सगळी चांदी घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळी ठेवा. पिवळ्या किंवा लाल पिशवीत ती गेली आणि भट्टीत जळली किंवा तापवली गेली तर पारा थेट हवेत जातो. बायोमेडिकल कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याला हे दर वेळी सांगावं लागतं, तेव्हा बरणीवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.